तांडेलाची बोली

या, अशा पुढे या. खांबाला टेकून मागे बसलात तर नुसती झांज कानावर येईल आणि शब्द वरच्या वर उडून जातील. सतरंजीला अजून जागा आहे, पोरांना मांडीवर घ्या म्हणजे झालं. कीर्तनाच्या बुवांची एसटी अजून यायची आहे. ती येईपर्यंत मी तुम्हाला एक हकिकत सांगते. आख्यान नव्हे हो. आख्यानात राजे असतात, वनवास असतो, शेवटी देव विमान घेऊन येतो. ही आमच्या मांडवीतल्या एका घरची गोष्ट, माझ्या शेजारणीची. हिच्यात विमान येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मथुरावयनीचं घर आणि आमचं घर यांत एक गडगा तेवढा होता. चिऱ्याचा, कमरेएवढा. वयनी मूळच्या वरच्या गावातल्या, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी समुद्र पाहिलेलासुद्धा नव्हता. नवरा महिपत तांडेल. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य. शीड कधी उभारायचं, नांगर कुठं टाकायचा, ते तो सांगणार आणि खलाशी ऐकणार. आणि महिपत घरातसुद्धा गलबतावर बोलावं तसाच बोलायचा. त्याला दुसरं बोलणं येतच नव्हतं.

पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटतो, त्याला मतलई म्हणतात. त्या वाऱ्यावर गलबतं बाहेर पडतात. तर घरातून कुणीही कुठंही निघायचं असलं, बाजारात की सासरी, की महिपत म्हणायचा, "चला, मतलई सुटली." तांदळाचा डबा तळाला गेला की "भांग लागला", कारण भांगाच्या दिवसांत भरतीचं पाणी फार वर चढत नाही. पाहुण्यांनी घर भरलं की उधाण. एखादा नुसता फुशारक्या मारणारा भेटला की "शीड मोठं, सुकाणू मोडकं". उडत आलेल्या बातमीला तो गोव्याची बातमी म्हणायचा, आणि पहिल्या धुण्यात रंग सोडणाऱ्या लुगड्याला एका लाटेचं लुगडं. कसं काय तांडेल, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "काठी उभी हाय!" म्हणजे डोलकाठी. ती उभी असली की गलबत चालतं, बाकीचं काही का मोडेना.

आता बघा, नवी सून सासरी येते तेव्हा घरातली बोली उचलतेच. पण वयनींनी नुसती उचलली नाही, ती अंगात मुरवली. महिपत सहा-आठ महिने समुद्रावर असायचा. तेवढे दिवस वयनी त्याच्या बोलीत घर चालवायच्या. गाईला, चुलीला, सदूला, सगळ्यांना तीच बोली. सदू म्हणजे त्यांचा एकुलता एक.

कीर्तनालासुद्धा ती बोली बरोबर यायची. एका वर्षी आप्पाबुवांनी राज्य दान देऊन वनात निघालेल्या राजाचं आख्यान लावलं होतं. बुवा असे रंगात आलेले, पेटीवाल्यानं सूर धरलेला, राजा मुकुट उतरवतोय, आणि बायकांतून वयनींचा आवाज आला, "अरे येड्या, भर दर्यात सुकाणू दुसऱ्याच्या हाती देतोस?"

सगळं देऊळ हसलं. आप्पाबुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि म्हणाले, "राजाला मथुराबाईंसारखी राणी मिळाली असती तर मंडळी, आजचं कीर्तन इथंच आटपलं असतं!" तेव्हापासून बुवा उत्तररंगात, आख्यान रंगात आलं की, एकदा तरी थांबायचे, बायकांकडे बघायचे. वयनी काहीतरी बोलायच्या. मग पुढचं पद. ती एक चालच पडली.

एकाहत्तर साली आगोट जवळ आली होती. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. तेव्हा गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. महिपत म्हणाला, मंगळूरहून कौलांची एक खेप आणतो, मग आहेच चार महिने बसणं. तो गेला आणि आला नाही. फळकुट लागलं नाही कुठं, दोर लागला नाही. कुणी म्हणालं कारवारच्या पुढं वादळात सापडले, कुणी म्हणालं गोव्यात कुणीतरी त्याला पाहिला. वयनी म्हणाल्या, "ही गोव्याची बातमी," आणि आत गेल्या.

कुंकू मात्र पुसलं नाही. दर्यावर गेलेला माणूस असा नाहीसा झाला तर बारा वर्षं वाट बघायची, ही रीत आहे. बारा वर्षं बाई सवाष्णच. वयनींनी वाट बघितली. वाट बघता बघता सदूला शिकवला, त्याला कचेरीत चिकटवला, त्याचं लग्न केलं. सून आणली ती साताऱ्याकडची, दमयंती. गोरी, नीटनेटकी, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांना मुलगी झाली, राही.

सासूसुनेचं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. कुरबुर असायची ती बोलीवरून. राहीला बोलायला शिकवलं आजीनं. आई चहाला चहा म्हणायची नि आजी त्याला, कौलासारखा तांबडा म्हणून, मंगळुरी म्हणायची, तर पोर मंगळुरीच मागायची. ती बालवाडीत जायला लागली आणि एक दिवस रडत घरी आली. बाईंनी विचारलं होतं, राही, कशी आहेस गं? तर ही उभी राहून म्हणाली, "काठी उभी हाय." सगळी मुलं हसली, बाईही हसल्या.

मी गडग्याशी आमसुलं वाळत घालत होते, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"अहो आई," दमयंती म्हणाली, "तिच्याशी जरा नीट बोलत जा ना."

"नीट म्हणजे कसं गो? तुझ्यासारखं? तोंडात खडीसाखर धरल्यासारखं?"

"चार लोक बोलतात तसं. तिला उद्या मोठ्या शाळेत जायचंय."

"तुमच्या साताऱ्यात समुद्र नाय, त्याला मी काय करू बाय?"

"समुद्र नसेना. आमच्याकडे एकानं बोललेलं दुसऱ्याला कळतं तरी! ही बोली बोलणारं आता आहे तरी कोण, आई? तुम्ही एकट्या."

वयनी उठून गडग्यापाशी आल्या, माझ्या सुपातली चार आमसुलं उगाच उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "गोदे, तेच तर मला भ्या वाटतं. मी एकटीच ऱ्हायले."

"कसलं भ्या?"

"उद्या ते आले. दमलेले, म्हातारे झालेले. दारात उभे ऱ्हायले नि बोलले, नि घरात कुणालाच समजलं नाय तर? मी असेन-नसेन. परक्या बंदरात उतरल्यासारखं व्हईल गो तेंना. आपल्याच घरात. म्हणून पोरीला शिकवतंय. दिवा लावून ठेवावा तशी बोली लावून ठेवलीय मी. ती म्हणते नीट बोला."

अहो, आम्ही सगळे समजत होतो, वयनींना खोड आहे. गंमत आहे. मी एवढी शेजारची, पण मलाही त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

पुढं त्र्याऐंशी साल उजाडलं. तप पुरं झालं. एका रविवारी दुपारी सदू आईपुढं बसला. मी राहीला वेणी घालत तिथंच होते.

"आये, आता करू या का?" सदू म्हणाला. काय करायचं ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

"घाई कसली?"

"घाई नाय. बारा वर्षांत घाई केली काय मी? पण पितृपक्ष आला की सगळ्यांच्या घरी पान वाढतात, कावळा येतो. मी खिडकीत बसतो. माझ्या बापाला मी अजून ओंजळभर पाणी दिलेलं नाय, आये. तो असता तर आला असता. नसंल तर तहानलेला हाय."

तहानलेला म्हटल्यावर वयनींनी मान वर केली. खाऱ्या पाण्यावर दिवस काढणाऱ्याला गोड्या पाण्याची ओढ किती असते ते त्यांना ठाऊक होतं. महिपत घरात आला की पहिल्यांदा तांब्याभर पाणी उभ्याउभ्या प्यायचा. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट कुणीच नव्हतं हो त्या घरात. वाईट कुणी असतं तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

"कर," वयनी म्हणाल्या.

देह मिळाला नसला की भटजी दर्भाचा पुतळा करतात आणि त्यालाच अग्नी देतात. अंगणात पाट मांडून त्यावर तो पुतळा ठेवला होता. हातभर लांब, गवताचा. वयनी त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या, जिथं कान असावा तिथं तोंड नेलं आणि बोलायला लागल्या. हळूहळू, त्याच बोलीत. काय बोलल्या ते सगळं आम्हाला कळलं नाही. सदू कसा वाढला ते सांगत होत्या. कुठला माड पडला, कुणाची लग्नं झाली, आता बंदरात शिडं दिसत नाहीत, सगळ्यांनी यंत्रं बसवली, असलं काहीबाही. बारा वर्षांचं साठलेलं. मधेच हसल्यासुद्धा. भटजी घाई करणारे नव्हते.

मग त्या उठल्या तेव्हा भटजी म्हणाले, "बाई, यांच्या नावानं एक आवडीचं सोडा. सोडलेलं पुन्हा आयुष्यात घ्यायचं नाही."

आमच्यात ही रीतच आहे. कुणी फणस सोडतं, कुणी पडवळ सोडतं. जरा शहाण्या असतात त्या न आवडणारी भाजीच सोडतात. आजूबाजूच्या बायका कुजबुजल्या, वयनी, बांगडा सोडा, चहा सोडा. वयनींनी तळहातावर पाणी घेतलं. म्हणाल्या, "तेंची बोली सोडली." आणि पाणी खाली सोडलं.

भटजी चपापले. "अहो, खाण्यातलं सोडतात."

"खाण्यात माझं आवडीचं काय नाय, भटजी. आवडीचं तेवढंच व्हतं."

सदू म्हणाला, "आये, काय बोलतेस? दुसरं सोड." पण पाणी जमिनीत मुरलं होतं. मी कीर्तनात कितीतरी राजांची दानं ऐकली. राज्य दिलं, मुलगा दिला, डोळे दिले. ऐकून रडलेही. पण देणं म्हणजे काय ते मी त्या अंगणात पाहिलं.

आम्हाला वाटलं, चार दिवसांत विसरतील. इतक्या वर्षांची जीभ, कुठं आवरणार? पण ती आवरली. सकाळी सदू कचेरीत निघाला की वयनींचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. मग त्या म्हणायच्या, "सदू, वेळ झाली." तांदूळ संपले की, "तांदूळ संपले आहेत." आहेत! वयनींच्या तोंडी आहेत! दमयंतीसारखं एकेक अक्षर उच्चारून, जड, परीक्षेला बसल्यासारखं.

मी एकदा म्हटलं, "वयनी, तांडेलाची बोली सोडलीत ते सोडलीत, पण तुमची स्वतःची, माहेरची तरी बोला ना. ही कसली साताऱ्याची गुंडाळलीत अंगाला?"

त्या म्हणाल्या, "गोदा, मी इथे आले तेव्हा केवढीशी होते. कुठला शब्द त्यांचा आणि कुठला माझा, मला काय ठाऊक? चुकून एखादा जायचा तोंडून. दमयंतीच्या बोलण्यात त्यांचं काहीच नाही. ते बरं."

"गोदा" म्हणाल्या मला. जन्मभर गोदे म्हणणारी बाई.

त्यानंतरच्या रामनवमीच्या उत्सवात वयनी कीर्तनाला आल्या. आप्पाबुवांना कुणी काही सांगितलं नव्हतं. उत्तररंगात बुवा नेहमीच्या जागी थांबले, हसून बायकांकडे बघितलं. वयनींनी मान खाली घातली. बुवा थांबले ते थांबलेच, पेटीवाला सूर धरून बसला, आणि एवढे कसलेले बुवा, त्यांना पुढचं पद आठवेना. शेवटी तबलजीनं उगाच थाप मारली आणि गाडी पुढं गेली.

दोन दिवसांनी दमयंती माझ्याकडे आली. गडग्यापलीकडूनच बोलायला लागली. "गोदामावशी, त्यांना सांगा हो काहीतरी. माझंच बोलणं त्यांच्या तोंडून मला ऐकवत नाही. राही विचारते, आजी कुठे गेली? समोर बसलेली असते आजी, आणि ही विचारते कुठे गेली." बोलता बोलता ती रडायला लागली. "मी नीट बोला म्हटलं होतं. असं नव्हतं म्हटलं मी."

"तू कशाला जिवाला लावून घेतेस? तू पोरीसाठी बोललीस."

"पण बोलले ना, मावशी."

मग आम्ही आप्पाबुवांना घरी बोलावलं. एवढा शास्त्र जाणणारा माणूस, यातून वाट काढील असं वाटलं. बुवा ओटीवर बसले, वयनी दाराआड. बुवा म्हणाले, "मथुराबाई, देव असलं दान घेत नाही हो. परत घ्या तुमची बोली."

"बुवा, देवाला वाहिलेलं फूल आपणच उचलून परत केसांत माळतात का?"

"माळत नाहीत," बुवा म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "पण प्रसाद म्हणून कुणी हातावर ठेवलं तर नाही म्हणत नाहीत. ते डोक्याला लावून घ्यायचं असतं."

वयनी दाराआडून बाहेर आल्या. त्यांचा चेहरा क्षणभर असा उजळला की मला वाटलं, सुटलो. त्या म्हणाल्या, "मग द्या. कुणीतरी द्या मला. कुणाकडे आहे?"

कुणाकडे नव्हती. बुवा सदूकडे बघायला लागले, सदू दमयंतीकडे. मी आठवायला लागले, तर दहा-बारा शब्द आठवले, तेही सुटे. शब्द म्हणजे बोली नव्हे हो. फुलं आहेत म्हणून हार होत नाही. तिकडं राही अंगणात खेळत होती. तिला विचारलं तर तिनं आईकडे बघून मान हलवली. शाळेत हसतात म्हणून तिनं टाकून दिली होती, आणि पोरांचं काय, टाकलं की गेलंच.

वयनी "बरं" म्हणाल्या आणि बुवांसाठी चहा करायला आत गेल्या.

त्यानंतर सदूनं ती बोली गोळा करायचं मनावर घेतलं. कचेरीतून सुटला की तो भागोजी खलाशाकडे जाऊन बसायचा. भागोजी पूर्वी महिपतच्या गलबतावर होता, आता पार थकलेला, ऐकू कमी यायचं. त्याच्याकडून सदूनं गलबताच्या दोरादोरांची नावं घेतली, वाऱ्यांची घेतली. पण भागोजी होता गलबतावरचा. महिपत घरात कसा बोलायचा, भात करपला की काय म्हणायचा, बायको रुसली की काय म्हणायचा, ते त्याला कुठून ठाऊक? ते एकाच बाईला ठाऊक होतं, आणि तिनं ते पाण्याबरोबर सोडलं होतं.

पुढच्या वर्षी वयनी अंथरुणाला खिळल्या. दमा होताच, तो वाढला. डॉक्टर येऊन जायचे. शेवटी शेवटी एक दिवस दुपारी मी पेज घेऊन गेले, तर सदू आईच्या उशाशी बसला होता. रजा काढली होती बहुतेक. त्यानं देवापुढं बसावं तशी मांडी घातली होती. घसा साफ केला आणि म्हणाला, "आये, आज घरात उधाण हाय. डब्यात तांदूळ नाय."

चुकलं. उधाण पाहुण्यांचं, तांदळाचा भांग. मला कळलं, वयनींना तर कळलंच. त्यांची भिवई उचलली गेली. पूर्वी सदू असा चुकला असता तर त्यांनी त्याचा उद्धारच केला असता, बापाच्या बोलीत, आणि गडग्याअलीकडे मी हसले असते. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हललेसुद्धा. पण चूक दुरुस्त करायची तर तो शब्द उच्चारायला हवा. सदू वाट बघत होता. त्याला कळलं होतं आपण चुकलोय, आणि मला तर वाटतं तो मुद्दामच चुकला असेल. आई रागावेल म्हणून.

वयनींनी तोंड मिटलं. हात उचलून त्याच्या गालावर ठेवला.

"छान बोलतोस, बाळा," त्या म्हणाल्या.

सदू उठला आणि मागच्या दारी जाऊन माडाला धरून रडला. मी पेज भरवली. त्यांनी दोन घास घेतले, माझ्याकडे बघून "पुरे" म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या. घेतलं ते शेवटपर्यंत पाळलं. तोंडून एक शब्द चुकून गेला नाही. शेवटी नुसतं रामाचं नाव होतं, आणि ते सगळ्यांचंच असतं.

आता दमयंती कधीकधी मला बोलावते, मावशी, सांगा ना, आई अमक्याला काय म्हणायच्या. मला जेवढं आठवलं तेवढं सांगून झालं. मघाशी तुम्हाला सांगितलं त्याच्यापलीकडे माझ्याजवळ फारसं नाही. बाकीचं कुठं गेलं म्हणाल, तर मी म्हणेन ज्याचं होतं त्याच्याकडं पोचलं. तसं मानल्याशिवाय मला करमत नाही.

एसटी आली वाटतं. हे बघा, पेटी उतरवतायत. आता बुवा उभे राहतील, तुम्ही ऐकाल, हसाल, रडाल. शेवटी बुक्का लावून घ्यायला वाकाल ना, तेव्हा माझं एवढं करा. घरच्या माणसांची नावं मनात घेता, त्यांत एक नाव आणखी घ्या. मथुरा. मांडवीच्या महिपत तांडेलाची बायको. तिला विसरू नका हो.